देखरेख आणि पाळत



या व्यासपीठावरून आजवर विद्वान माणसे बोलत आली आहेत. आमचे शिक्षण यंत्रमागाच्या खडखडाटात आणि रात्री युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आमच्याकडून कोणी ठेवू नये. ‘रुग्णांवरील संशोधन आणि रुग्णांची देखरेख’ असा विषय आम्ही निवडला, तेव्हा चालकांपैकी एकाने आम्हांला विचारले, “हा विषय डॉक्टरांचा, तुम्ही मंडळी पगाराबद्दल आणि बोनसबद्दल बोलायचे सोडून इकडे कुठे वळलात?” प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर एका शब्दात देता येते, आणि तो शब्द म्हणजे क्षय.

ज्या धंद्यात बारा तासांची पाळी असते, हवेत कापसाची पूड तरंगत असते आणि एका खोलीत दहा दहा माणसे आळीपाळीने झोपतात, त्या धंद्यातल्या माणसांची संघटना बांधायची म्हणजे क्षयाशी गाठ पडणारच. हा रोग दुर्बळ शरीर आणि कोंदट जागा पाहून घर करतो. आजारी कामगाराची कागदपत्रे भरता भरता, त्याच्याबरोबर दवाखान्याच्या रांगेत उभे राहता राहता आम्हांला या रोगाचा इतिहास वाचण्याची गोडी लागली. वाचता वाचता असे ध्यानात आले की, आज क्षयाच्या रोग्याला जे काही बरे दिवस आले आहेत ते आपोआप आलेले नाहीत. कोणीतरी प्रश्न विचारला, तो काळजीपूर्वक तपासला, आणि त्या तपासणीत आपल्यासारख्याच साध्या माणसांनी आपले शरीर पुढे केले. ही हकीकत आपणापुढे मांडावी, आणि तिच्यातून आजच्या कामाचे काय हाती लागते ते पाहावे, एवढाच आमचा हेतू आहे.

प्रथम लोकांच्या मनातली एक भीती दूर केली पाहिजे. ‘संशोधन’ म्हटले की आमचा कामगार दचकतो. “आम्ही काय पिंजऱ्यातले उंदीर आहोत?” असे तो विचारतो. ही भीती अगदीच निराधार नाही. गरिबाला न सांगता त्याच्यावर प्रयोग झाल्याचे दाखले जगात आहेत. परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. न तपासलेले औषध देणे हाही प्रयोगच असतो. फक्त त्याची नोंद कोणी ठेवत नाही, आणि तो फसला तर कोणाला कळत नाही. शिस्तीने केलेल्या प्रयोगात निदान हिशेब तरी असतो, आणि हिशेबाची किंमत कामगाराला दुसऱ्या कोणी शिकवायला नको.

हा हिशेब कसा मांडतात ते पाहू. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली क्षयाचा जंतू दाखवून दिला. पण जंतू सापडला म्हणून औषध सापडले नाही. पुढची साठ वर्षे उपचार म्हणजे मोकळी हवा, दूध-अंडी आणि बिछान्यावर पडून राहणे. १९४३ साली अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिन हाती आले. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये ते फारच थोडे उपलब्ध होते. सर्वांना पुरणे शक्य नव्हते. तेव्हा तिथल्या वैद्यक संशोधन मंडळाने ठरविले की, थोडेच आहे तर ते अशा रीतीने द्यावे की त्याचा गुण निर्विवाद ठरेल. १०७ रुग्ण घेतले. कोणाला औषध मिळावे हे डॉक्टरांच्या मर्जीवर सोडले नाही, वशिल्यावर नाही, आणि रोग्याच्या चेहऱ्यावरही नाही. बंद लिफाफ्यातील चिठ्ठीवर सोडले. ५५ जणांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा पहिल्या गटातील ४ दगावले होते आणि दुसऱ्यातील १४. १९४८ साली हा निकाल प्रसिद्ध झाला.

ही चिठ्ठीची पद्धत ज्यांनी आखून दिली ते ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल हे डॉक्टर नव्हते. पहिल्या महायुद्धात त्यांना स्वतःलाच क्षय झाला, डॉक्टर होण्याची इच्छा बाजूला ठेवावी लागली, आणि त्यांनी अर्थशास्त्राची पदवी घरी राहून, टपालाने शिकून मिळविली. आमच्यासारख्या शाळा अर्ध्यावर सुटलेल्या माणसाला ही गोष्ट वाचून किती धीर आला असेल याची कल्पना आपण करू शकाल.

पण हिशेब इथे मिटला नाही. पाच वर्षांनी त्याच रुग्णांची पुन्हा चौकशी केली, तेव्हा औषध मिळालेल्या ५५ पैकी ३२ आणि न मिळालेल्या ५२ पैकी ३५ मरण पावलेले आढळले. म्हणजे सुरुवातीचा लाभ बव्हंशी वाहून गेला होता. कारण एकट्या औषधाला जंतू सरावतो, निगरगट्ट होतो. दोन औषधे एकत्र दिली तर तो सरावत नाही, हे पुढच्या प्रयोगांनी दाखविले. सहा महिन्यांवर समाधान मानून दप्तर बंद केले असते तर हे कळलेच नसते. म्हणून आम्ही म्हणतो की, रोग्याकडे नंतरही पाहत राहणे हा उपचाराचाच भाग आहे.

आता आपल्या देशाकडे येऊ. १९५६ साली मद्रास शहरात, म्हणजे आजच्या चेन्नईत, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनचे वैद्यक संशोधन मंडळ यांनी मिळून एक केंद्र उघडले. वॉलेस फॉक्स हे ब्रिटिश डॉक्टर तिथे आले. त्यांच्यापुढचा प्रश्न साधा होता, पण त्याच्या उत्तरावर लाखो घरांचे भवितव्य अवलंबून होते. त्या काळी क्षय म्हणजे सॅनिटोरियम असे समीकरण होते. आपल्याकडेही जुनी माणसे मिरज आणि पाचगणी ही नावे याच संदर्भात घेत. परंतु देशात रोगी लाखोंनी आणि खाटा काही हजार. खाट मिळेपर्यंत रोगी घरीच खंगायचा, आणि मिळालीच तर मिळवता हात घरातून जायचा. तेव्हा प्रश्न असा की, औषधे आता आलीच आहेत, तर रोग्याला घरी ठेवून उपचार केले तर चालेल काय?

मद्रासच्या गरीब वस्त्यांतील १९३ रुग्ण घेतले आणि चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट केले. एका गटाला सॅनिटोरियममध्ये खाट, सकस अन्न, परिचारिका आणि विश्रांती. दुसऱ्या गटाला आपले नेहमीचेच घर: दाटीवाटीची खोली, तुटपुंजे जेवण, आणि जमेल तसे काम. औषध मात्र दोघांना एकच, आयसोनियाझिड आणि पास, वर्षभर. घरचे रोगी केंद्रावर येऊन औषध घेऊन जात. बहुतेकांचा अंदाज असा की, घरचा गट मागे पडणार. वर्षानंतर सॅनिटोरियममधील ९२ टक्के आणि घरच्या गटातील ८६ टक्के रुग्णांचा रोग शमलेला आढळला. पाच वर्षांच्या पाहणीतही घरचा गट मागे पडला नाही. दुसरी मोठी धास्ती घरच्या माणसांची होती. रोगी घरी ठेवला तर बायकामुलांना लागण होणार असेच सर्वांना वाटे. पाच वर्षे त्या कुटुंबांवर लक्ष ठेवल्यावर दिसून आले की, घरी उपचार घेणाऱ्यांच्या कुटुंबांत रोगाचे प्रमाण वाढले नाही. धोका होता तो निदान होण्यापूर्वीच्या दिवसांत. औषध सुरू झाले की तो ओसरू लागे.

श्रोतेहो, या निकालाने काय केले याचा विचार करा. १९६२ साली आपल्या देशाने जो राष्ट्रीय क्षय कार्यक्रम आखला त्याचा पायाच घरी राहून उपचार हा झाला. बाहेरच्या देशांनीही पुढे हीच वाट धरली. ज्या माणसांनी लिफाफ्यातली चिठ्ठी स्वीकारली ती मद्रासची गोरगरीब माणसे होती. त्यांची नावे कुठल्या फलकावर नाहीत. परंतु क्षय झालेला आपल्या गावचा विणकर आज घरच्या चटईवर झोपून बरा होतो, तो त्यांच्या पुण्याईने.

घरी उपचार म्हटल्यावर पुढचा प्रश्न आलाच: रोगी औषध घेतो की नाही हे कसे समजावे? पासची औषधे पोटात ढवळून काढणारी. दोन-तीन महिन्यांत ताप उतरतो, भूक लागते, कामावर जावेसे वाटते. मग औषध कशाला, असे माणसाला वाटू लागते. मद्रासच्या केंद्राने अवचित घरभेटी दिल्या, गोळ्या मोजल्या, लघवी तपासली. नंतर त्यांनी असेही तपासले की, आठवड्यातून दोनदा दवाखान्यात बोलावून समक्ष औषध दिले तर काय होते. तेही परिणामकारक ठरले. याच विचारातून पुढे ‘डॉट्स’ पद्धत आली. आपल्याकडे १९९३ साली तिची चाचणी सुरू झाली आणि २००६ पर्यंत ती देशभर पोचली. रोग्याने आरोग्यसेवकाच्या डोळ्यांदेखत गोळी गिळायची, असा तिचा नियम.

इथे आम्हांला दोन मराठी शब्दांची फोड केली पाहिजे. एक ‘देखरेख’ आणि दुसरा ‘पाळत’. दोन्हींत कोणीतरी कोणाकडे पाहत असते. खात्यातला मुकादमही पाहतो आणि शेजारच्या मागावरचा सोबतीही पाहतो. मुकादम खाडा लिहिण्यासाठी पाहतो. सोबती पाहतो तो अशासाठी की, हा आज खोकतो का आहे, याने डबा का उघडला नाही. रोग्याकडे यांपैकी कोणत्या नजरेने पाहायचे, हा आमच्या मते या सगळ्या विषयाचा गाभा आहे.

आणि ही नुसती भावनेची गोष्ट नाही; तीही तपासून पाहिली गेली आहे. दक्षिण आफ्रिकेत १९९८ साली आणि पाकिस्तानात २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत काही रोग्यांना समक्ष गोळी दिली आणि काहींवर विश्वास टाकून औषध घरी दिले. बरे होण्याच्या प्रमाणात समक्ष गोळीचा वरचष्मा दिसला नाही. रोग्याला रोज दवाखान्यापर्यंत खेचत आणण्यात त्याचा वेळ आणि मजुरी गेली, आणि त्या मानाने पदरात काही पडले नाही. याचा अर्थ लक्ष ठेवू नये असा मुळीच नाही. नुसत्या डोळ्यांच्या पहाऱ्याने माणूस बरा होत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

अलीकडे फोन आला. गोळ्यांच्या पाकिटावर एक कागदी घडी, ती फाडली की आत क्रमांक, त्या क्रमांकावर फुकट फोन लावला की त्या दिवसाची हजेरी लागली. कल्पना हुशारीची खरी. परंतु चेन्नई, वेल्लोर आणि मुंबई येथे रोग्यांच्या फोनची नोंद आणि त्यांच्या लघवीची तपासणी ताडून पाहिली, तेव्हा दोन्हींचा मेळ पुष्कळदा बसला नाही. कोणी गोळी घेऊन फोन केला नाही, कोणी फोन करून गोळी घेतली नाही. हा निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाला. मस्टरवरची सही आणि मागावरचे कापड या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे आमचा कोणताही विणकर सांगेल. यंत्र आले म्हणून त्याला नमस्कार करू नये आणि यंत्र आहे म्हणून त्याला लाथही मारू नये. ते तपासून घ्यावे.

मग रोगी औषध का सोडतो? आम्ही जे वर्षानुवर्षे पाहत आलो ते सांगतो. दवाखाना सकाळी उघडतो आणि दुपारी मिटतो; नेमकी तीच पाळीची वेळ. एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी, आणि तीन खाडे म्हणजे मागावर दुसरा माणूस. एका कारखान्यात रोगाचा कागद दाखविताच माणसाला दुसऱ्या दिवशी फाटकातून आत घेतले नाही. त्यानंतर त्या खात्यातल्या खोकणाऱ्या माणसांनी कागद दाखविणेच बंद केले. अशा ठिकाणी रोग्याच्या दाराशी पाळत ठेवून काय होणार? पाळत ठेवायचीच तर ती फाटकावर ठेवली पाहिजे. कर्मचारी राज्य विमा योजनेत क्षयासारख्या दीर्घ आजारासाठी, अटी पुऱ्या केल्यास, वेतनाच्या ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत भत्ता मिळू शकतो. पण ज्याचे नावच हजेरीपटावर नाही त्या कंत्राटी मजुराला तो कुठून मिळावा?

आता शेवटची आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. क्षय आणि उपासमार यांचे नाते गरिबांना पूर्वीपासून ठाऊक होते. तरीही अन्न हे उपचारात मोडते की दानधर्मात, हा वाद राहिलाच होता. २०१९ ते २०२२ या काळात झारखंडच्या चार जिल्ह्यांत डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी हा प्रश्न शिस्तीने तपासला. २,८०० रोगी आणि त्यांच्या घरची १०,००० हून अधिक माणसे. सर्व रोग्यांना महिन्याला १० किलोंचा शिधा दिला. घरच्या माणसांचे मात्र दोन गट केले. एका गटातील प्रत्येक मोठ्या माणसाला महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या. दुसऱ्या गटाला नेहमीचाच आहार. शिधा मिळालेल्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी, आणि थुंकीतून पसरणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयाचे प्रमाण ४८ टक्क्यांनी कमी आढळले. २०२३ साली हे प्रसिद्ध झाले. तांदूळ आणि डाळ यांनी निम्म्याच्या आसपास रोग रोखला! एखाद्या लशीने एवढे केले असते तर तिच्या जाहिराती चौकाचौकांत लागल्या असत्या.

याच कामात आणखी एक गोष्ट दिसली. पहिल्या दोन महिन्यांत ज्या रोग्याचे वजन ५ टक्क्यांनी वाढले, त्याच्या मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी होता. चाळीस किलोच्या माणसाचे दोन किलो. म्हणजे रोग्यावर लक्ष ठेवण्याचे एक उत्तम साधन कोणते, तर वजनकाटा! तो कुठल्याही वाण्याकडे असतो. काटा खाली येत नसेल तर गोळ्यांच्या पाकिटाबरोबर ताटाचीही चौकशी केली पाहिजे.

आमच्या एका सहकाऱ्याने या प्रयोगावर आक्षेप घेतला होता, तो लपवून ठेवणे बरे नव्हे. तो म्हणाला, “उपाशी घरांपैकी अर्ध्यांना शिधा द्यायचा आणि अर्ध्यांना नाही, हे कोणत्या न्यायात बसते?” प्रश्न चुकीचा नाही. प्रत्येक प्रयोगाच्या वेळी तो विचारलाच पाहिजे. पण हेही पाहा की, प्रयोगापूर्वी घरच्या माणसांना शिधा कोणीच देत नव्हते, आणि मागायला गेले तर “पुरावा काय?” असे विचारले जाई. आता पुरावा आहे. रोग्याला सरकारकडून २०१८ पासून दरमहा ५०० रुपये पोषणासाठी मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले, आणि रोग्याच्या कुटुंबालाही अन्नाची मदत पोचवावी असे धोरण त्याच वर्षी ठरले. पुराव्याने ताट भरत नाही. परंतु ताट मागणाऱ्याच्या हातात तो असला म्हणजे समोरच्याला नाही म्हणणे जड जाते. आता त्या धोरणाचा तांदूळ खरोखर घरी पोचतो की नाही, ही देखरेख आपली.

तेव्हा या सभेतून उठताना चार गोष्टी बरोबर न्याव्यात. पहिली, कोणी आपणास वा आपल्या माणसास संशोधनात भाग घेण्यास विचारले तर घाबरू नये आणि डोळे झाकून अंगठाही देऊ नये. काय तपासता आहात, दुसऱ्या गटाला काय मिळणार, मध्येच सोडता येईल काय, इजा झाली तर जबाबदार कोण, हे विचारावे. २०१९ च्या नियमांप्रमाणे औषधाच्या प्रयोगात समजून दिलेली संमती, इजा झाल्यास उपचार आणि भरपाई हे आपले हक्क आहेत. दुसरी, अशा प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या नीतिसमितीत डॉक्टर नसलेला एक सामान्य नागरिक असावा लागतो. ती खुर्ची शोभेची होऊ नये. तिथे बसणाऱ्याने आपल्या वस्तीच्या वतीने बोलावे. तिसरी, दवाखाना आठवड्यातून निदान दोन दिवस संध्याकाळी उघडा ठेवावा, ही मागणी नगराने एकमुखाने करावी. आणि चौथी, क्षयाच्या कागदावरून कोणाचीही रोजी जाता कामा नये. या बाबतीत मालकवर्गालाही आमची विनंती आहे. औषध सुरू झाले की धोका ओसरू लागतो, हे मद्रासच्या त्या कुटुंबांनी पाच वर्षांत दाखवून दिले आहे. कामावरून काढलेला माणूस औषध सोडतो, आणि औषध सोडलेला माणूस रोग पसरवितो. तेव्हा फाटक बंद करणाऱ्याने आपल्याच खात्यात जंतू मोकळे सोडलेले असतात.

रोग्याकडे पाहणारी नजर हवीच. ती मुकादमाची असावी की सोबत्याची, हे ठरविणे मात्र डॉक्टरांइतकेच आपल्या हाती आहे.